कोऱ्या प्लेटवरच्या कॉलन्या

पीएचडीसाठी प्रयोगशाळेत रुजू झाले त्या दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्यापुढे एक पेट्री प्लेट, जिवाणू वाढवायची उथळ बशी, सरकवली आणि म्हणाल्या, "मोज." मी मोजल्या. एकतीस कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके. "पुन्हा मोज." या वेळी तेहतीस. दोन अगदी कडेला चिकटलेल्या होत्या, त्या पहिल्या खेपेला नजरेतून सुटल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "हिच्यात काय घातलं असेल?" मी नुकतीच पाठ केलेली तीनचार कॅन्सरकारक रसायनांची नावं ऐटीत म्हणून दाखवली. "काही नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसतं पाणी. ही कंट्रोल आहे, तुलनेसाठी."

मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. साल १९८६. कॅन्सर कशामुळे होतो ते शोधून काढायला मी आले होते आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातात पाण्याची प्लेट पडली. पुढच्या पस्तीस वर्षांत रसायनं बदलली, पेशी बदलल्या, यंत्रं तर ओळखू येईनाशी झाली. पण त्या पाण्याच्या प्लेटीने काही पिच्छा सोडला नाही.

ती प्लेट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साल्मोनेला जिवाणूंच्या काही खास जाती असतात, त्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतःचं स्वतः बनवता येत नाही, कारण ते बनवणाऱ्या एका जनुकात आधीच बिघाड केलेला असतो. असे सुमारे दहा कोटी जिवाणू हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या प्लेटवर ओतायचे. थोडेसे वाढून ते थांबतात. पण त्यांच्यापैकी एखाद्याच्या त्या मोडक्या जनुकात योगायोगाने असा बदल झाला की ते पुन्हा चालू झालं, तर तो एकटा वाढत राहतो आणि दोन दिवसांत त्याची कॉलनी डोळ्यांना दिसते. रसायन जनुकात बदल घडवणारं असेल तर कॉलन्या वाढतात. हीच ती एम्स टेस्ट. आणि काहीच घातलं नाही तरी कॉलन्या येतातच. टीए९८ या जातीच्या साधारण तीस-चाळीस, टीए१०० च्या शंभराच्या वर. म्हणजे बिघाड आपला आपण होतच असतो, आणि रसायनामुळे त्यात किती भर पडली एवढाच काय तो आमचा प्रश्न.

या क्षेत्राकडे मी वळले त्याला कारण एक गोष्ट. अमेरिकेत लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांना लवकर आग लागू नये म्हणून ट्रिस नावाचं रसायन लावत. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी आर्लीन ब्लम यांच्यासोबत १९७७ साली दाखवून दिलं की ते जनुकांत बदल घडवतं. त्याच वर्षी असे कपडे विकण्यावर बंदी आली. दोन दिवसांत निकाल देणाऱ्या एका प्लेटीने एवढं घडतं हे वाचून मी भारावले होते. एम्स यांनी या चाचणीचं पेटंट घेतलं नाही, मागेल त्या प्रयोगशाळेला जिवाणू पाठवून दिले, हे नंतर कळलं आणि माणूस आणखीच आवडला. त्यांच्या आधीचा इतिहासही मला पाठ होता: १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी फळमाश्यांत उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले टिकणारे बदल, घडवली, मग दुसऱ्या महायुद्धात एडिनबरामध्ये शार्लट आउअरबाख यांनी मस्टर्ड गॅसने तेच होतं हे पाहिलं, पण युद्धाच्या गुप्ततेपायी ते सविस्तर छापायला १९४६ उजाडलं. गॅस हाताळताना आउअरबाख यांचे हात भाजले होते. मुलाखतीत मी हे सगळं घडाघडा सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र, कसा लावतात ते शिकून घे म्हणाल्या.

पहिले सहा महिने मी फक्त जिवाणूंची ओळखपरेड घेतली. या जातींत हिस्टिडिनच्या बिघाडाशिवाय आणखीही खोड्या करून ठेवलेल्या असतात. त्यांची बाहेरची भिंत विरळ केलेली असते, मोठे रेणू आत शिरावेत म्हणून. त्यामुळे क्रिस्टल व्हायोलेट रंगाच्या भोवती ते मरतात आणि स्वच्छ वर्तुळ दिसतं. डीएनए दुरुस्त करणारं एक जनुक उडवलेलं असतं, म्हणून अतिनील प्रकाशात ते लगेच दगावतात. ते जनुक उडवताना शेजारचं बायोटिनचं जनुकही गेलं, म्हणून यांना बायोटिनही वरून द्यावं लागतं. टीए९८ आणि टीए१०० मध्ये एक प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं वेटोळं, असतं, त्यामुळे ते अ‍ॅम्पिसिलिन या प्रतिजैविकातही तगतात. दर नव्या कल्चरला हे सगळं तपासायचं. मॅरन आणि एम्स यांनी १९८३ साली लिहिलेल्या पद्धतीची झेरॉक्स प्रत भिंतीला चिकटवलेली होती, इतक्या वेळा हाताळलेली की कडा कापसासारख्या झाल्या होत्या.

मग ओतणं. पंचेचाळीस अंशांवर राखलेलं दोन मिली टॉप अगार, म्हणजे वरच्या थराची पातळ जेली, त्यात जिवाणू, रसायन, लागलं तर एस९. क्षणभर हलवायचं आणि प्लेटवर ओतून, ती फिरवून सगळीकडे सारखं पसरवायचं. अगार जरा जास्त गरम राहिलं तर जिवाणू मरतात, जरा थंड झालं तर गुठळ्या पडतात. ज्याच्या हाताला ही लय बसली त्याच्या प्लेटा आरशासारख्या, माझ्या सुरुवातीला खडबडीत रस्त्यासारख्या. आमच्याकडे मामा होते, प्रयोगशाळेचे मदतनीस. पदवीबिदवी नव्हती, पण ओतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मनगट कसं सैल सोडायचं ते मला त्यांनी दाखवलं.

एस९ म्हणजे उंदराच्या यकृताचा अर्क, सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या नऊ हजार पट जोराने फिरवून वर राहिलेला भाग. कित्येक रसायनं मुळात निरुपद्रवी असतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी यकृतात बदलतं आणि त्या बदलात ती डीएनएला चिकटणारी होतात. धुरातलं बेंझोपायरीन असंच. जिवाणूंना यकृत नाही, म्हणून उसनं द्यायचं. त्या यकृतातली एन्झाइमं जागी व्हावीत म्हणून त्या काळी उंदरांना अरोक्लोर १२५४ टोचत, जे स्वतःच पर्यावरणात टिकून राहणारं एक घातक मिश्रण. विष शोधायला विषच लागतं हे मला गमतीचं वाटे, आणि त्या उंदरांसमोर गेलं की अजिबात वाटत नसे.

दुसऱ्या वर्षी मला माझा विषय मिळाला: एका औषधी वनस्पतीच्या पानांचा अर्क. अपेक्षा अशी की काहीच निघणार नाही. पहिल्याच फेरीत प्लेटमागे पाच मिलिग्रॅमच्या मात्रेला टीए९८ च्या कॉलन्या तिप्पट झाल्या आणि टीए१०० च्याही दुपटीजवळ गेल्या. मी रात्री झोपले नाही. सकाळी मॅडमपुढे प्लेटा मांडल्या तेव्हा लेखाचं शीर्षकसुद्धा तयार होतं. त्यांनी कॉलन्यांकडे पाहिलंच नाही. प्लेट उजेडाकडे तिरकी धरली आणि विचारलं, "लॉन पाहिलंस का?"

लॉन म्हणजे कॉलन्यांच्या मागे दिसणारा, काचेवर वाफ धरावी तसा पातळ थर. टॉप अगारमध्ये आपण मुद्दाम कणभर हिस्टिडिन घालतो, कारण दोनचार वेळा विभागल्याशिवाय उत्परिवर्तन पक्कं होत नाही. ते संपलं की जिवाणू थांबतात, आणि ती थांबलेली गर्दी म्हणजे लॉन. रसायन जिवाणूंना मारत असेल तर लॉन विरळ होतं. माझ्या प्लेटांवर ते कंट्रोलपेक्षा दाट होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तर सरळ दिसत होतं. पानांच्या अर्कात प्रथिनं होती, त्यांच्याबरोबर हिस्टिडिनही होतं. मी जिवाणूंना विष नाही, जेवण वाढलं होतं. जास्त वेळा विभागले म्हणून आपोआप होणारे बदलही जास्त झाले.

लेखाचं शीर्षक गेलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता खरं काम." मग धुण्याची पद्धत केली: जिवाणू अर्कात ठेवायचे, मग सेंट्रिफ्यूज करून अर्क धुऊन काढायचा आणि नंतर प्लेटवर घालायचे. टीए१०० मधली वाढ पुसून गेली. टीए९८ मधली मात्र थोडी उरली. तिप्पट नाही, पण दुपटीच्या वर, आणि मात्रा वाढवली की वाढणारी. आठ वेळा केलं, आठही वेळा उरली. अर्काचे भाग पाडत गेलो, शेवटी एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, एक शिखर हाती लागलं आणि ते निघालं क्वेर्सेटिन, कित्येक पानाफुलांत आढळणारं एक फ्लॅव्होनॉइड. क्वेर्सेटिन एम्स टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येतं हे १९७७ सालीच छापून आलेलं होतं. ग्रंथालयात तीन तास आधी घालवले असते तर प्रयोगशाळेतले चौदा महिने वाचले असते. पण ते चौदा महिने वाचले नाहीत याचं वाईट मला आजही वाटत नाही.

आता प्रश्न पडला, जिवाणूंत पॉझिटिव्ह, पण शरीरात काय? म्हणून मायक्रोन्यूक्लियस चाचणी. उंदराच्या अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होतात तेव्हा त्या शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकून देतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून मागे राहिला असेल तर तो मात्र पेशीत तसाच राहतो, रिकाम्या खोलीत विसरलेल्या गोळीसारखा. तरुण पेशी गिम्सा या रंगात निळसर दिसतात, जुन्या गुलाबी. दर प्राण्यामागे अशा दोन हजार निळसर पेशी पाहून त्यांत किती ठिपके ते मोजायचं. कंट्रोलमध्ये हजारी एखाददोन सापडतात. (२०१४ च्या सुधारणेनंतर, अशा चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडीने ही संख्या चार हजार केली. माझ्या विद्यार्थ्यांनी कुरकुर केली, मला मनातून बरं वाटलं.)

इथे माझ्या हातून जे झालं ते मी कुठल्याही लेखात लिहिलेलं नाही. काम लवकर उरकावं म्हणून मी काही स्लाइड्स सांकेतिक क्रमांक न घालताच मोजल्या. कुठली कंट्रोलची, कुठली अर्क दिलेल्या उंदराची, हे मला ठाऊक होतं. मी प्रामाणिक होते, आकडे फिरवायचं माझ्या मनातही नव्हतं. अर्काच्या स्लाइड्समध्ये ठिपके जास्त आले. मॅडमनी काही न बोलता मामांना त्याच स्लाइड्सवर नवे क्रमांक चिकटवायला सांगितले, आणि त्यांतल्या एका स्लाइडवर आठवडाभराने पुन्हा वेगळा क्रमांक लावून ती दुसऱ्यांदा माझ्याकडे पाठवली. यादी मामांच्या वहीत. मी सगळ्या मोजल्या. अर्क आणि कंट्रोल यांत काहीच फरक उरला नाही. आणि ती एकच स्लाइड मी एकदा तीन म्हणून लिहिली होती, एकदा सात.

तीन आणि सात. डोळे तेच, सूक्ष्मदर्शक तोच. रंगाचे खडे आणि खरे ठिपके यांच्यातला फरक, फोकस वरखाली केला की खडा चमकतो, ठिपका पेशीच्या पातळीतच राहतो, हे मला माहीत होतं. पण जिथे ठिपका असावा असं वाटत होतं तिथे मी फोकस फिरवलाच नव्हता. मी रडले वगैरे नाही, पण मामांच्या वहीतली ती पानं आजही डोळ्यांसमोर आहेत. त्यानंतर स्वतःच्या हाताने क्रमांक घातलेली एकही स्लाइड मी मोजलेली नाही.

प्रबंध लिहिला, व्हायव्हा झाली. त्यातलं सांगण्यासारखं फारसं नाही. एका परीक्षकांनी विचारलं, "मग ही पानं सुरक्षित की नाहीत?" आणि मी जे उत्तर दिलं ते लांबलचक आणि पुचाट होतं.

प्रबंध चालू होता तेव्हाच, १९९१ साली, एक बातमी प्रयोगशाळेत हातोहात फिरली. बुरशी लागलेल्या धान्यातलं अफ्लाटॉक्सिन जिथे पोटात जातं अशा भागांतल्या, चीनमधल्या चिडुंग आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या, यकृताच्या गाठी तपासल्या, तर कॅन्सरला अटकाव करणाऱ्या पी५३ या जनुकात पुन्हा पुन्हा एकच बदल सापडत होता: २४९ व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या शब्दात, डीएनएच्या जी या अक्षराच्या जागी टी. गाठीच्या आत कारणाची सही सापडावी तसं. आतापर्यंत आम्ही "किती" मोजत होतो. आता "कोणतं" वाचता येणार होतं. मी ठरवलं की पोस्टडॉक रेणवीय जीवशास्त्रातच करायचं.

नव्या प्रयोगशाळेत मला कोणी जिवाणूवाली म्हणे, कोणी टॉक्सवाली, आणि दोन्हींत थोडी कीव असे. काम होतं टीए९८ च्या कॉलन्यांतला डीएनए वाचण्याचं. या जातीच्या मोडक्या जनुकाजवळ सीजी सीजी सीजी सीजी अशी चार वेळा आलेली अक्षरजोडी आहे, आणि कित्येक रसायनं नेमकी तिथेच एक जोडी गाळतात. जनुकातली अक्षरं तीनतीनने वाचली जातात, ती विस्कटलेली वाचनचौकट त्यामुळे पुन्हा जुळते. किरणोत्सारी गंधकाने खुणावलेला डीएनए उंच जेलवर चालवायचा, क्ष-किरण फिल्मवर रात्रभर छापायचा आणि सकाळी चार रांगांतल्या पट्ट्या खालून वर वाचत जायच्या. एक जण वाचणार, दुसरा लिहिणार. नायट्रोफ्लुओरीन हे रसायन दिलेल्या कॉलन्या एकामागून एक तीच जोडी गाळलेल्या निघाल्या. पाण्याच्या प्लेटवरच्या मात्र नाना तऱ्हेच्या. आपोआप होणाऱ्या बिघाडाला एक चेहरा नव्हता, रसायनाने केलेल्या बिघाडाला होता. त्या फिल्मा उजेडावर धरून पाहताना मला पहिल्या दिवशीच्या त्या तेहतीस कॉलन्या आठवत.

डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआरने मात्र मला रडवलं. प्रत्येक वेळी एक नळी अशी ठेवायची की तिच्यात सगळं आहे पण डीएनए नाही. तिच्यात काही यायला नको. माझ्या त्या नळीत एका सोमवारी पट्टी आली. पाणी बदललं. प्रायमर बदलले. बफर, एन्झाइम, हातमोजे, सगळं बदललं, पट्टी हटेना. पाच आठवडे गेले. शेवटी कळलं की आधीच्या पीसीआरचा डीएनए सूक्ष्म तुषारांतून मायक्रोपिपेटच्या दांड्यात बसला होता आणि मी त्याच पिपेटने नव्या नळ्या भरत होते. मग पीसीआर मांडायची खोली वेगळी, जेल चालवायची वेगळी, पिपेट वेगळे, टोकांना फिल्टर. रिकाम्या नळीने खोटं बोलणं थांबवलं. शेजारच्या बाकावरचा एक मुलगा त्या नळीला चहाडखोर म्हणायचा. मला ते नाव फार आवडलं, पुढे माझ्या प्रयोगशाळेतही तेच चाललं.

पोस्टडॉकच्या काळातच बेल्जियमची घटना पुढे आली. तिथल्या एका वजन कमी करण्याच्या उपचारकेंद्रातल्या बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होऊ लागली. गोळ्यांत जी चिनी वनस्पती असायला हवी होती तिच्याऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच गेली होती. १९९३ साली हे छापून आलं. पुढे त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही आढळला. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएतल्या एला चिकटतं आणि तिथे टी घडवून आणतं. ही खूण इतकी विशिष्ट आहे की गाठीचा डीएनए वाचून ओळखता येते.

हे वाचलं त्या रात्री मी माझा प्रबंध काढून बसले. माझं क्वेर्सेटिन वनस्पतीतलं, हेही वनस्पतीतलं. एम्स टेस्टमध्ये दोन्ही पॉझिटिव्ह. प्लेटकडे पाहून दोघांतला फरक कोणी सांगू शकलं नसतं. आज कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत क्वेर्सेटिन तिसऱ्या गटात आहे, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही, आणि अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल पहिल्या गटात, म्हणजे होतो याला पुरेसा पुरावा आहे. त्या परीक्षकांना मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला तेव्हा सुचलं: पॉझिटिव्ह आलेली प्लेट हा निकाल नसून पुढच्या चौकशीचा हुकूम आहे. अर्थात तोवर व्हायव्हा होऊन वर्षं उलटली होती. "नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलंच" असं कोणी म्हटलं की माझं डोकं तेव्हापासून फिरतं, आणि "केमिकल आहे, म्हणजे वाईटच" म्हटलं तरी तितकंच.

स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तेव्हा वाटलं, आता मोठे प्रश्न. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं फ्रीझर, परवाने, अनुदानाचे अर्ज आणि एका गळक्या इनक्युबेटरमागे गेली. कॉमेट अ‍ॅसे बसवताना तर जेलांनी असा अंत पाहिला की विचारू नका. एकेका पेशीला अगारोजमध्ये बसवायचं, मीठ आणि साबणासारख्या द्रावणात तिचं सगळं विरघळवून नुसता डीएनए ठेवायचा, मग तेराच्या वरच्या पीएचमध्ये वीज सोडायची. तुटलेले तुकडे पुढे सरकतात आणि पेशी धूमकेतूसारखी दिसते. शेपूट जितकी भरलेली तितकी मोडतोड जास्त. १९८४ साली ऑस्टलिंग आणि योहान्सन यांनी ही कल्पना काढली, १९८८ मध्ये सिंग आणि सहकाऱ्यांनी तिला अल्कधर्मी रूप दिलं. माझ्या हातात मात्र जेल काचेवरून सुळकन घसरून धूमकेतूंसकट टाकीत जाऊन पडे. काचेवर आधी अगारोजचा पातळ हात देऊन तो पुरता सुकू द्यायचा, एवढंच ते होतं. पावसाळी हवेत तो सुकत नाही हे समजायला एक पावसाळा गेला.

पण आमच्या प्रयोगशाळेची मिळकत म्हणाल तर एक रजिस्टर. पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगातल्या पाण्याच्या प्लेटचे आकडे त्यात लिहिले जात. तारीख, जात, अगारचा लॉट, कोणी ओतलं, किती आल्या. विद्यार्थी वैतागत, रसायनाचे आकडे सोडून हे कसले हिशेब? एकदा एका रसायनाला टीए१५३७ मध्ये सगळ्यांत वरच्या मात्रेला तेरा कॉलन्या आल्या, कंट्रोल चार. तिपटीच्या वर, नियमाने पॉझिटिव्ह. मुलगा धावत आला. मी रजिस्टर उघडायला लावलं. आमच्या हातात त्या जातीचं पाणी तीनपासून वीसपर्यंत काहीही देतं. रसायनाने काही वाढवलं नव्हतं, त्या दिवशी पाण्याचा आकडाच खाली गेला होता. पुन्हा केलं, कंट्रोल अकरा, वरची मात्रा बारा. त्या मुलाचा चेहरा पाहून मला माझं उडालेलं शीर्षक आठवलं. मी त्याला तसं काही सांगितलं नाही.

"काही सापडलं नाही" असे निकाल छापणं हे वेगळंच दुखणं. आमचा एक लेख एका नियतकालिकाने "नवीन काही नाही" म्हणून परत पाठवला. चार रसायनं, तीन चाचण्या, सगळं निगेटिव्ह, नीट केलेलं. ज्या रसायनात काही नाही हे ठाऊक असणं लोकांच्या उपयोगाचं नाही काय? दुसरीकडे छापला, कोणी फारसा वाचला नाही.

तज्ज्ञ समितीवर घेतलं तेव्हा याच्या उलट गंमत. एका अहवालात मी वाक्य लिहिलं होतं: "या चाचणीच्या परिस्थितीत उत्परिवर्तन घडवण्याचा गुणधर्म आढळला नाही." उत्पादकाच्या बाजूने एक गृहस्थ आले होते. अतिशय अदबीने म्हणाले, "मॅडम, 'हे उत्पादन जनुकांसाठी सुरक्षित आहे' एवढंच लिहिलंत तर? अर्थ तोच आहे." मी म्हटलं, "अर्थ तो नाही." त्यांनी हसून विचारलं, "फरक काय?" मी त्यांना एस९ सांगितलं, मात्रेची मर्यादा सांगितली, जिवाणूंत गुणसूत्रं तुटलेली दिसत नाहीत हे सांगितलं. चहा निवला. वाक्य माझंच राहिलं, पण पुढच्या वेळी त्या समितीवर मी नव्हते. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.

शेवटच्या दहा वर्षांत काळ इतका पळाला की दम लागला. डीएनए वाचणारी नवी यंत्रं एका रात्रीत इतकं वाचतात की माझ्या क्ष-किरण फिल्मा संग्रहालयात शोभाव्यात. पण ती यंत्रं साधारण हजार अक्षरांत एखादी चूक करतात, आणि खरं उत्परिवर्तन त्याहून कितीतरी दुर्मीळ. गवताच्या गंजीत सुई, आणि गंजीही सुयांसारखीच दिसणारी. २०१२ मध्ये ड्युप्लेक्स सीक्वेन्सिंग आलं. त्यात डीएनएचे दोन्ही धागे वेगवेगळे खुणावून वाचतात. बदल खरा असेल तर दोन्ही धाग्यांवर समोरासमोर दिसतो, यंत्राची चूक असेल तर एकावरच. कल्पना ऐकली तेव्हा मी मोठ्याने हसले, कारण ती मामांच्या वहीचीच होती: एकच गोष्ट दोनदा, न सांगता, मोजून घ्यायची. आता जिवाणू उसने घ्यायला नकोत, हिस्टिडिन नको. प्राण्याच्या कुठल्याही अवयवातली उत्परिवर्तनं थेट मोजता येतात. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा काहीच न दिलेल्या उंदरांतही ती होतीच. वयस्क उंदरांत जास्त.

निवृत्त होताना रजिस्टर, म्हणजे तोवर त्याचे सात खंड झाले होते, मी एका विद्यार्थ्याच्या ताब्यात दिले. त्याने आधीच ते सगळं संगणकावर चढवलं होतं, तरी कागद घेतले. मामा त्याच्या कितीतरी आधी गेले. मॅडम आहेत, ऐकू कमी येतं.

मागच्या महिन्यात त्या विद्यार्थ्याचा रात्री अकराला फोटो आला. दोन प्लेटा शेजारी शेजारी, एकीवर कॉलन्यांची गर्दी. खाली लिहिलं होतं: "मॅडम, टीए९८, चौपट! एका समुद्री शेवाळाचा अर्क. तीन मात्रा, तिन्हींत चढता आकडा."

मी फोटो मोठा करून पाहिला. मोबाइलवर काय दिसणार? लिहिलं, "लॉन पाहिलंस का?"

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "उद्या सकाळी पाहतो," आणि लगेच खाली, "नाही, आत्ताच जातो."